दोघांनी टाइप केलेला ग्रंथ

संध्याकाळी सहा ते आठ आमच्या घरात बोलायला बंदी होती. बंदी घालणारा मीच. अकरा वर्षं ती चालली. आता घरात बोलायला दुसरं माणूसच नाही, आणि त्या बंदीचा मला इतका राग येतो की स्वतःच्या हातानं स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी कॉम्प्युटर शिकवणारा माणूस. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तेहतीस वर्षं शिकवलं आणि गेल्या वर्षी रिटायर झालो. नागपूरच्याच बेसा भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुलगी परदेशात असते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो, ती विचारते, "बाबा, जेवले का?" आणि मी हो म्हणतो, जेवलो असो की नसो. बायको दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. ती सकाळच्या शाळेत मराठी शिकवायची. शेवटची बारा-तेरा वर्षं घरात आम्ही दोघंच होतो, आणि सहा वाजले की एकमेकांकडे पाठ करून बसायचो.

भांडण नव्हतं हो. आम्ही दोघं मिळून पाली ग्रंथ कॉम्प्युटरवर उतरवत होतो.

माझे वडील गिरणीत मागावर होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला तेव्हा ते मिसरूड फुटलेलं पोरगं होते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला, नागरी अक्षरांत छापलेला एक जाड पाली ग्रंथ फळीवर असायचा. वडिलांना सहीपुरती अक्षरं यायची. दर रविवारी ते मला त्यातलं एक पान वाचायला बसवत. मला काही कळत नसे, त्यांनाही नसे. पण मी अडखळलो की म्हणत, "पुन्हा पहिल्यापासून." एकदा मी वैतागून विचारलं, "बाबा, तुमाले कसं समजते मी चुकलो म्हणून?" तर म्हणाले, "तुह्या तोंडावर दिसते."

ते गेल्यावर कपडा सोडला. आत कसर लागलेली. बोट लावलं की पानाचा कोपरा हातात यायचा. मग शोध घेतला, तर असे ग्रंथ वस्तीतल्या कितीतरी घरांत आणि विहारांत होते, सगळे फळीवर आणि सगळ्यांची तीच गत. म्हटलं, आपण कॉम्प्युटर शिकवतो आणि आपल्याच घरातलं हे भुगा होऊन राहिलं, तर आपल्या शिकण्याला काय चाटायचं?

लोक म्हणत, स्कॅन करा, मशीन वाचेल. वाचते ना! तीन अक्षरांचं जोडाक्षर आलं की मशीनची दातखीळ बसते. म्हणून हातानं टाइप करायचं ठरलं, आणि तेही दोघांनी. त्याची एक रीत आहे. तेच पान दोन माणसांनी वेगवेगळं टाइप करायचं. मग प्रोग्राम दोन्ही फायली ओळीओळीनं ताडून बघतो आणि जिथं फरक असेल तिथं लाल खूण करतो. माणूस चुकतोच, पण दोन माणसं बरोबर एकाच जागी, एकसारखी चुकत नाहीत. तिथं ग्रंथ उघडायचा, कोण बरोबर ते बघायचं आणि पुढे जायचं.

अट एकच. एकमेकांना विचारायचं नाही. "अहो, हा अनुस्वार हाय का डाग?" असं तिनं विचारलं आणि मी "डाग" म्हणालो, की चूक दोघांची होणार आणि ती प्रोग्रामला जन्मात सापडणार नाही. म्हणून दोन टेबलं, पाठीला पाठ, आणि तोंड बंद.

तोंड बंद ठेवणं म्हणजे तिला शिक्षाच. काटोलची बाई ती. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घ्यायला गेली तरी त्याच्या सासुरवाडीची खबर घेऊन यायची. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "माय वं, मले तं तुरुंगात बसल्यावानी वाटते."

तिच्यासाठी कीबोर्ड घ्यायला आम्ही सीताबर्डीला गेलो. दुकानदार चांगला मऊ, बिनआवाजाचा दाखवत होता. "भाभीजी, इसमें बिलकुल आवाज नहीं आता." तिनं ओळीनं सगळे दाबून पाहिले आणि सगळ्यात मोठा आवाज करणारा उचलला.

"काहून वं, एवढा खटखट्या?" मी म्हणालो.

"बोलायचं तं नाही. निदान मी मागं हाय, हे तुमाले समजलं पाहिजे."

मी हसलो. तेव्हा मला ती गंमत वाटली.

चुकांच्या मागे मी एवढा का लागायचो, तेही सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा कॉम्प्युटरची खोली म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. दाराबाहेर चपला काढायच्या, आत एसी. एकदा माझ्या प्रोग्राममध्ये चूक निघाली. फालतू चूक, कोणाचीही होते. पण मागे उभ्या असलेल्या एका सहकाऱ्यानं दुसऱ्याला हळूच म्हटलं, "असे लोक घेतले की असंच होणार." मी ऐकलं. आमच्या वस्तीतून प्राध्यापक झालेला मी पहिला. माझी चूक माझ्या एकट्याची राहणार नव्हती, ती वस्तीच्या खात्यात जाणार होती. त्या दिवसापासून मी सगळं तीनदा तपासू लागलो. स्वल्पविराम चुकला तरी पोरांचा एक मार्क कापायचो. पोरं मागून मला 'मायनस एक' म्हणत. म्हणू देत.

आणि नेमकी याच शहाण्यानं घोडचूक केली.

टाइप करताना कधी कधी एकच ओळ दोनदा टाइप होते. सुरुवातीच्या वर्षात मी त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तीच ओळ पुन्हा दिसली की काढून टाकायची. एका फटक्यात सगळा भाग साफ झाला, फाइल चांगली हलकी झाली. मी खूश. त्याचा कागद काढून तिला दिला. ती स्वयंपाकघरात भाजी परतता परतता मोठ्यानं वाचत होती. मध्येच थांबली.

"इथं काहीतरी गेलं."

"काही गेलं नाही. मशीन चुकत नाही."

"अहो, माझी आई काटोलच्या संत्रा बाजारात पेट्या भरायची. भरता भरता हेच म्हणायची, विहारात ऐकून पाठ केलेलं. आधी मैत्री चारी दिशांनी भरून टाकायची, मग करुणा, मग मुदिता, मग उपेक्षा. शब्द तेच, फक्त पहिला बदलते. चारदा म्हणून होईपर्यंत तिची एक पेटी भरायची. इथं नुसते पहिले शब्द राह्यले, बाकीचं एकदाच आलं. पेटी अर्धीच राह्यली न!"

मी ग्रंथ उघडला. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणारी मुदिता आणि मन समतोल ठेवणारी उपेक्षा धरून चार वेळा छापलेलं होतं, पुन्हा पुन्हा, तेच. आणि माझ्या प्रोग्रामनं तेवढी सगळी आवर्तनं चूक समजून झाडून काढली होती.

"बाप्पा! बुद्धाच्या बोलण्यातून चुका काढून राहिले तुम्ही?" तिला हसू आवरेना. पदर तोंडात धरून हसली. ही गोष्ट तिनं विहारातल्या प्रत्येक बाईला सांगितली. मला महिनाभर सगळं पुन्हा करावं लागलं.

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. पुढचं भांडण खरं होतं. तो चार वेळा म्हणायचा उतारा ग्रंथात पुढे पुष्कळ ठिकाणी येतो, पण तिथं छापणाऱ्यांनी कागद वाचवलाय. सुरुवातीचे दोन शब्द द्यायचे आणि मध्ये नुसतं 'पे' छापायचं. म्हणजे मागचं सगळं इथं पुन्हा म्हणा. अभ्यासकाला ते पुरतं. आमचा पहिला भाग पुरा झाला तेव्हा तिनं विहारातल्या बायकांसाठी मोठ्या अक्षरात कागद काढून नेले. कोणी चार घरच्या पोळ्या करणारी, कोणी शाळेत शिपाई. वाचायला येतं, पण बोट ठेवून. पौर्णिमेला पठण सुरू झालं आणि त्या 'पे'पाशी येऊन फुटलं. कोणी थांबलं, कोणी उडी मारून पुढे गेलं, कोणी भलतंच म्हणू लागलं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई, ज्यांना सगळ्या अक्का म्हणतात, त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे आमच्यासाठी नाही, बाई."

ती घरी आली ती तावातच. "आपण पूर्ण टाइप करू. जिथं जिथं तोडलं, तिथं तिथं पूर्ण."

"नाही. ग्रंथात आहे तेच. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही."

"मग हा ग्रंथ कोणासाठी करून राहिलो आपण?"

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

जिनं माझी सगळ्यात मोठी चूक पकडली, तिला मी हे म्हणालो. तो विषय तिनं परत काढला नाही, आणि मी समजलो की पटलं असेल. नवरे असेच समजतात.

मग तिचं पोट दुखू लागलं. आधी आम्ही गॅस म्हणालो, ओवा खाल्ला, आणि खरं काय ते कळलं तेव्हा उशीर झालेला होता. तरी ती टाइप करत राहिली. पाठीला उशी लावून दिवसा बसायची, मी कॉलेजात असताना, म्हणून माझ्या पुष्कळ पुढे गेली. संध्याकाळीही माझ्याबरोबर बसायची. तेव्हा एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली होती. माझ्या बाजूनं पान संपायचं, तिच्या बाजूनं संपायचं नाही. पान उलटल्याचा आवाज येईना, नुसती खटखट चालू. मला वाटलं, हात थकला असेल. पण थकल्या हाताची खटखट तशी नसते. मागे वळून "काय वं, एवढं काय लिहून राहिली?" एवढं विचारायला माझं काय जात होतं? पण नियम ना!

मेमध्ये एके संध्याकाळी ती मध्येच थांबली. "पाठ दुखते. उद्या पाहू," म्हणाली, आणि कीबोर्डवर रुमाल झाकून उठली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली. परत आणलं ते तिला नाही, तिच्या देहाला.

तिनं टाइप केलेली आणि मी न केलेली अशी ग्रंथाची सदतीस पानं उरली होती. ती मी टाइप करायची, दोन्ही फायली ताडायच्या, की ग्रंथ पूर्ण. मी आठवड्याला अर्धं पान करू लागलो. कधी चारच ओळी. सहा वाजता बसायचो, आठला उठायचो, मधले दोन तास तसाच नियम पाळत गप्प. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याचा हात चालत नाही. हात चांगला चालत होता. मला पोचायचंच नव्हतं. ती सदतीस पानं पुढे होती तोवर ती माझ्या पुढे कुठेतरी काम करत होती. पोचलो की संपलं. फायलीची कॉपी ठेवता येते, हे मला शिकवू नका, मी तेच शिकवून म्हातारा झालो.

तिची फाइल मी उघडली नाही. आपलं होईपर्यंत दुसऱ्याचं बघायचं नाही. असं करत करत दुसरा उन्हाळाही काढला. रिटायर झालो, कॉलेजातून शाल आणि घड्याळ घेऊन आलो, आणि तरी नऊ पानं शिल्लकच होती.

एका पौर्णिमेला दुपारी दाराची बेल वाजली. अक्का. तीन जिने चढून आलेल्या, हातात खिरीचा डबा. बराच वेळ दम खात बसल्या. मग म्हणाल्या, "सर, वैनीनं आमाले कबूल केलं होतं. तिचं पुस्तक कधी येईन?"

"कसलं कबूल केलं होतं?"

"म्हणे, अक्का, या टायमाले तुमी अडकणार नाही."

मला काही समजलं नाही, आणि समजलं नाही की मला राग येतो. "होईल तेव्हा होईल," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. "माहे डोळे जाऊन राहिले सर. डॉक्टर म्हणते, वर्षभर दिसन. तवर भेटलं तं पाहा."

त्या गेल्यावर खीर खाल्ली, आणि स्वतःची लाज वाटली. मेलेल्या बायकोला धरून ठेवायला मी एका जिवंत बाईचे डोळे खर्ची घालत होतो. राहिलेली नऊ पानं मी आठ दिवसांत टाइप केली.

मग फायली ताडल्या. एरवी एका पानात पाच-सहा लाल खुणा असायच्या. या वेळी सगळा स्क्रीन लाल. खाली जातोय, खाली जातोय, लालच. खरं सांगतो, आधी रागच आला. वाटलं, औषधांच्या गुंगीत काहीबाही टाइप केलं हिनं. मग वाचू लागलो. एक अक्षर चुकीचं नव्हतं. जिथं जिथं ग्रंथात 'पे' होतं, तिथं तिथं तिनं अख्खा उतारा लिहिला होता. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. दुखतं पोट धरून. माझ्यापासून दोन हातांवर बसून. तीच ती न संपणारी खटखट.

माझ्या प्रोग्रामला एक बटण आहे, 'ग्रंथाप्रमाणे'. ते दाबलं की जास्तीचं सगळं जातं. बटण माझं, नियम माझा. मी हात मागे घेतला आणि लहान पोरासारखा रडलो. अकरा वर्षांत मी तिच्या हजारो चुका दुरुस्त केल्या आणि तिला एकदाही विचारलं नाही, बाई, तुला काय पाहिजे?

ठरवलं, दोन प्रती करायच्या. एक ग्रंथाबरहुकूम. दुसरी बायकांसाठी, तिच्यासारखी, पूर्ण. पण दुसरी प्रतही दोघांच्या हातची पाहिजे, नाहीतर खात्री कशाची? म्हणून तिची फाइल बंद केली आणि प्रत्येक 'पे'च्या जागी मीही पूर्ण उतारा टाइप करू लागलो. कंटाळा येईल वाटलं होतं. नाही आला. महिन्याभरात झालं, ताडलं. नेहमीसारख्या थोड्या खुणा निघाल्या. बहुतेक ठिकाणी चूक माझी, तिचं बरोबर.

अगदी शेवटी तिची फाइल तुटली. मैत्री झाली होती, करुणा, मुदिता झाली होती. उपेक्षेचा पहिला शब्द आणि पुढे काही नाही. उद्या पाहू. तो एक उतारा एकट्या माझ्या हातचा होता. तो मी तीनदा तपासला.

पौर्णिमेला मोठ्या अक्षरातले कागद घेऊन विहारात गेलो. एरवी मी दारापाशी बसून लगेच निघायचो, त्या दिवशी भिंतीला टेकून बसलो. पठण सुरू झालं. पूर्वी जसल्या 'पे'पाशी फुटलं होतं, तसल्या प्रत्येक जागेवरून सरळ पुढे गेलं. तीस-चाळीस बायकांचा एक आवाज, कुठं अडकणं नाही, कुठं उडी नाही. शेवटचं पान आलं. अक्कांनी हात वर केला आणि सगळ्या थांबल्या.

"सर, इथं एक ओळ गेली."

मी कागद पाहिला, ग्रंथात सुरुवातीला पूर्ण छापलेला उतारा पाहिला. गेली होती. उपेक्षेच्या उताऱ्यातली एक ओळ मी सोडली होती आणि तीनदा तपासूनही मला दिसली नव्हती. अक्कांना कागद धड दिसतही नव्हता, त्यांना कानांनी समजलं.

सगळ्यांसमोर माझी चूक. पूर्वीचा मी असतो तर जमिनीत गडप झालो असतो. मी खिशातलं पेन काढलं आणि एकेका बाईपाशी बसून प्रत्येकीच्या कागदावर ती ओळ लिहिली. अक्कांपाशी आलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "वैनी असती तं सुटली नसती."

"नसती," मी म्हणालो.

सगळे कागद झाल्यावर अक्का म्हणाल्या, "चला बायांनो. पुन्हा पहिल्यापासून." मीही त्यांच्याबरोबर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता टेबलाशी बसलो आणि ती ओळ टाइप केली. मग उठलो, मागच्या खुर्चीवर बसलो, तिच्या कीबोर्डवरचा रुमाल काढला आणि तिच्या फायलीत तुटलेला तो उतारा त्या ओळीसकट पूर्ण टाइप केला. आवाज तसाच आहे अजून. दोन्ही फायली ताडायला लावल्या. नियमाप्रमाणे दोन माणसं लागतात, पण प्रोग्रामला माणसं दिसत नाहीत, फायली दिसतात. त्यानं सांगितलं, फरक शून्य.